यंत्र घडवणाऱ्याच्या खुर्चीवर कोण बसणार?

गेल्या उन्हाळ्यात ईटमधल्या आमच्या वस्तीतील एका मावशींना घेऊन आम्ही एका सेवा केंद्रावर गेलो होतो. मावशींची दृष्टी जाऊन दहा वर्षे झाली. निराधार योजनेचे पैसे अचानक थांबले आणि ‘केवायसी करा’ एवढाच निरोप आला. बोटांचे ठसे उमटेनात, कारण आयुष्यभर खुरपे आणि कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मग केंद्रावरच्या पोराने मोबाईल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे आली: चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकवा. पोरगा वाचून सांगत होता, मावशी मान इकडेतिकडे करत होत्या, आणि चौकट पुन्हा पुन्हा लाल होत होती. सहाव्या-सातव्या वेळी मावशी म्हणाल्या, “लेकरा, मला दिसत नाही म्हणून तर पैसे मिळायलेत, अन् ह्यो डबा म्हणतोय आधी बघ!”

केंद्रावरच्या पोराचा यात काही दोष नव्हता. तो म्हणाला, ‘तांत्रिक अडचण आहे.’ आम्ही तिथेच ठरवले की या दोन शब्दांवर लिहायचे. कारण आपल्या समाजाला हे दोन शब्द फार ओळखीचे आहेत. पूर्वी पाणवठ्यावर ‘रूढी आहे’ म्हणत, आज खिडकीवर ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतात. दोन्ही वेळा कोणी माणूस नकार देतो आहे असे दिसतच नाही. रूढी माणसांनी घडवली होती आणि सिस्टीमही माणसांनीच घडवली आहे.

चेहरा ओळखणारे, आवाज ऐकून लिहिणारे, मजकूर वाचून दाखवणारे आजचे यंत्र म्हणजेच ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा एआय म्हणतात ते. ते घडवणारी मुले बहुतेक एम.टेक., एम.एस्सी., पीएच.डी. झालेली असतात. या शिक्षणात त्यांच्यासमोर दृष्टी नसलेला माणूस किती वेळा आला? ऐकू न येणारा? मराठवाडी बोलणारा? साध्या फोनवर तुटक्या नेटवर्कमध्ये काम करणारा? आला नसेल, तर त्याने घडवलेले यंत्र मावशींना ‘आधी बघ’ म्हणणारच.

सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न गेला होता. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि एका दृष्टिहीन याचिकाकर्त्याने सांगितले की डोळे मिचकवण्याची अट आम्हाला बँकेच्या आणि फोनच्या दाराबाहेर ठेवते. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची पद्धत बदलण्यासाठी अनेक निर्देश दिले. निकाल मोठा आहे. पण निकाल दिल्लीत लागतो आणि यंत्र प्रयोगशाळेत घडते. त्या प्रयोगशाळेत शिकणारे कोण आहेत, त्यांना काय शिकवले जाते, हा प्रश्न आम्हाला निकालाइतकाच मोठा वाटतो. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागेल.

निजामाचे विद्यापीठ आणि मराठी पोर

आपल्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव ज्या सातव्या निजामावरून, मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडले, त्यांच्याच नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झाले. त्याचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी १९१७ मध्येच राज्याने स्वतंत्र भाषांतर विभाग उघडला. गणित, विज्ञान, कायदा, वैद्यक यांचे ग्रंथ उर्दूत आणले, नवे पारिभाषिक शब्द घडवले. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून इंग्रजीतच उच्च शिक्षण देत होते, त्या काळात देशी भाषेतून विज्ञान शिकवता येते हे उस्मानियाने करून दाखवले. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. याच विद्यापीठाने १९५३ मध्ये बाबासाहेबांना मानद डी.लिट. दिली, हेही लक्षात ठेवावे.

पण या राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. मराठवाड्यातील दलित पोराला इंग्रजी परकी, विद्यापीठाची उर्दू परकी, आणि मराठी शिकवणाऱ्या शाळेतही त्याची जागा दाराबाहेर. यात उर्दूशी किंवा कोणाच्या धर्माशी आमचे भांडण नाही. आमचा मुद्दा एवढाच, की सत्तेने मनावर घेतले तर एखाद्या भाषेसाठी पैसा, माणसे, शब्दकोश, सगळी यंत्रणा दहा वर्षांत उभी राहते. ती कोणाच्या भाषेसाठी उभी करायची, हे तंत्रज्ञान ठरवत नाही. आज ‘मराठीत डेटा कमी आहे, बोलींचा तर नाहीच’ असे जे सांगितले जाते, ते याच अनुभवावर घासून पाहिले पाहिजे. डेटा कमी नसतो, तो गोळा केलेला नसतो.

१९४२ ची मागणी

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आज आपल्या जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. गावकीच्या कामाला बांधून ठेवणाऱ्या वतनाचा प्रश्न तिथे होता. पुढच्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले.

हे निवेदन आपल्या कार्यकर्त्यांनी पुन्हा वाचावे असे आहे. त्यात बाबासाहेब शिक्षणाबद्दल मोघम बोलत नाहीत. नुसत्या कला शाखेच्या आणि वकिलीच्या पदव्यांनी आपल्या मुलांचे फारसे भागणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, आणि ते त्यांच्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने देशातल्या व परदेशातल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी मागणी ते करतात. त्याबरोबरच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असेही मांडतात. छापखाना आणि रेल्वे ही त्या काळची मोक्याची यंत्रे होती. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती या रेट्याचे फळ. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथेच घडला.

त्या काळीही म्हणणारे होतेच: यांना आधी बाराखडी शिकवा, तंत्रज्ञान कसले मागता? बाबासाहेबांचा मार्ग वेगळा होता. प्राथमिक शिक्षण हवेच, पण निर्णय जिथे होतात त्या जागांवर आपली उच्चशिक्षित माणसे बसल्याशिवाय खालच्या माणसाचे संरक्षण होत नाही. चळवळीत ज्यांना ‘माऱ्याच्या जागा’ म्हणतात त्या याच. आजच्या माऱ्याच्या जागांत कलेक्टर आणि न्यायाधीश यांच्या बरोबरीने यंत्र शिकवणारा संशोधकही आला आहे. मावशींचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पोहोचण्याआधीच त्याने घडवलेले यंत्र तो परत पाठवते.

पुण्याचा एक विद्यार्थी

आमच्या एम.ए.च्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र होता. संदर्भपुस्तके आम्ही पाळीपाळीने वाचायचो आणि तो फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचा. त्याच्या संगणकात मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर होते, पण मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, नाहीतर झेरॉक्सचे फोटो काढून बनवलेल्या. माणसाला तिथे मराठी दिसते, यंत्राला मात्र फॉन्टच्या मागे भलतीच इंग्रजी चिन्हे दिसतात आणि ते तीच बडबडत बसते. फोटोत तर त्याला अक्षरच सापडत नाही. एकदा परीक्षेला लेखनिक आला नाही आणि मित्राचा पेपर बुडाला. तो अभ्यासात आमच्या पुढे होता.

त्यामुळे टी. व्ही. रामन यांची गोष्ट वाचताना आम्हाला तो मित्र सतत आठवत होता. रामन पुण्याचे, जन्म १९६५. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणितात बी.ए., मग आयआयटी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण. तिथे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी गणितातील वक्ररेषा आवाजातून ऐकता येतील असा प्रोग्राम बनवला. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी ‘ॲस्टर’ ही प्रणाली उभी केली. गणिताचे सूत्र नुसते डावीकडून उजवीकडे वाचले तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. कंस कुठे संपला, घात कोणत्या अक्षरावर आहे, हे डोळा एका नजरेत पाहतो. ॲस्टर सूत्राची रचना समजून घेते, आवाजाचा चढउतार बदलून ती ऐकवते, आणि हवा तेवढाच भाग पुन्हा ऐकू देते. १९९४ च्या या प्रबंधाला संगणकशास्त्रातील एसीएम या संस्थेचा सर्वोत्तम प्रबंधाचा पुरस्कार मिळाला. रामन पुढे गूगलमध्ये गेले.

ही गोष्ट ‘अपंगत्वावर मात’ या मथळ्याखाली सांगण्याची आपल्याकडे सवय आहे. आम्ही ती वेगळी वाचतो. डोळस संशोधकांना सूत्र ऐकण्याची गरज कधी पडलीच नव्हती, म्हणून त्यांना तो प्रश्नच दिसला नाही. ज्याला गरज होती तो पदव्युत्तर वर्गात पोहोचला, त्याला वाचून दाखवणारी माणसे मिळाली, यंत्रे मिळाली, आणि त्याने स्वतःची अडचण संशोधनाचा विषय केली. आमचा मित्रही बुद्धीने कमी नव्हता. त्याला फक्त ती साखळी मिळाली नाही.

सरकारी भाषेत सगळ्यांना वापरता येईल अशा गोष्टीला ‘सुगम्य’ म्हणतात. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले, आणि त्याच सुमारास अपंगांना ‘दिव्यांग’ हा शब्दही मिळाला. आपल्याला या खेळाचा जुना अनुभव आहे. आपल्याला ‘हरिजन’ म्हणून देवाची लेकरे केले गेले, पण देवळाचे दार आणि पाण्याचे तळे लढूनच मिळवावे लागले. नाव गोड झाले म्हणून रस्ता मोकळा होत नाही.

आवाज आमचा, यंत्र कोणाचे?

आता बोलीकडे येऊ. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मराठीवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राला मराठी ऐकायला शिकवायचे तर हजारो वाक्ये माणसांच्या आवाजात लागतात. हे काम सहसा विद्यापीठातल्या मुलांकडून करून घेतात. या अभ्यासात तीन गट घेतले: ग्रामीण भागातील कमी उत्पन्नाचे लोक, शहरातील कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी. ३६ जणांकडून १०९ तासांचा आवाज गोळा झाला. निष्कर्ष असा, की गरीब माणसांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे होते.

‘तुमच्या लोकांना हे जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर इथे संपते. पण आमचा पुढचा प्रश्न आहे. आवाज देणारा मजुरी घेऊन घरी गेला, आणि त्या आवाजावर शिकून पीएच.डी. झालेला कोण? शेत आमचे, राबणूक आमची आणि धान्य वाड्यावर, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

आकडे पाहा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१५ ते २०१९ या काळात आयआयटींमध्ये पीएच.डी.ला प्रवेश मिळालेल्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण ९.१ टक्के आणि जमातींचे २.१ टक्के होते. आरक्षण अनुक्रमे १५ आणि ७.५ टक्के आहे. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यातील सुमारे १.८६ कोटी खेड्यांत राहतात. एकूण लोकसंख्येत अपंगत्वाचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के आहे. म्हणजे सुगम्य यंत्राची गरज जिथे जास्त आहे, तिथलीच मुले ते घडवणाऱ्या वर्गात सर्वांत कमी आहेत.

त्याचा परिणाम यंत्राच्या तोंडून ऐकू येतो. २०२३ मध्ये ऑक्सफर्डशी संबंधित संशोधकांनी भारतीय जात आणि धर्म यांच्याविषयीची वाक्ये घेऊन भाषेची यंत्रे तपासली. वाक्यातली एक जागा रिकामी ठेवायची आणि यंत्र तिथे कोणाचे नाव भरते ते पाहायचे. बहुतेक यंत्रांनी जातीबाबत तोच जुना साचा उचलला, आणि वंश किंवा लिंग या पाश्चात्त्य देशांत आधीच तपासल्या गेलेल्या बाबींपेक्षा हा कल जास्त दिसला. तिथे वंशभेदावर बोट ठेवणारे लोक वर्गात होते, म्हणून यंत्र सुधारले गेले. जातीवर बोट ठेवणारे किती होते?

मग शिकवायचे काय?

मार्च २०२४ मध्ये केंद्राने १०,३७१.९२ कोटी रुपयांचे इंडियाएआय मिशन मंजूर केले. पदवीपासून पीएच.डी.पर्यंत एआयचे शिक्षण वाढवणे हा त्याचा एक भाग आहे. म्हणजे पैसा आहे. कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ४७ म्हणते की शिक्षक, डॉक्टर, आशा, अंगणवाडी सेविका यांच्याप्रमाणेच अभियंत्यांच्या शिक्षणातही अपंगत्व हा विषय असला पाहिजे. ‘अभियंते’ हा शब्द त्या यादीत स्पष्ट आहे. म्हणून आमच्या मागण्या मेहेरबानीच्या नाहीत.

पहिली मागणी: एआय शिकणाऱ्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात अपंग व्यक्ती आणि बोलीभाषक यांना मानधन देऊन शिकवणारे म्हणून बोलवा. प्रयोगाला बसवण्यासाठी बोलवू नका.

दुसरी: विद्यार्थ्याचा प्रकल्प डोळे मिटून, फक्त कीबोर्डवर, मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि स्वस्त फोनवर चालवून दाखवल्याशिवाय त्याला गुण देऊ नका. एनव्हीडीएसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. खर्चाची सबब इथे चालत नाही.

तिसरी: भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील बोलणे गोळा करायचे तर बोलणाऱ्याची संमती, योग्य मजुरी आणि त्या संग्रहावर त्या समाजाचा हक्क लिहून द्या.

चौथी: फेलोशिप वेळेवर द्या. आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसावे लागले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ज्याची मेसची थकबाकी भागत नाही, त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा कशी करणार? १९४२ च्या निवेदनाचे सार हेच होते की उच्च तांत्रिक शिक्षण पैशाशिवाय मिळत नाही.

पाचवी: संगणकाच्या विद्यार्थ्याला जात, लिंग आणि अपंगत्व यांचे समाजशास्त्र शिकवा, आणि आमच्यासारख्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यंत्र कसे शिकते ते शिकवा. आम्ही एम.ए. झालो तेव्हा हे यंत्र आम्हाला जादूसारखे वाटत होते. जे जादू वाटते त्याला प्रश्न विचारता येत नाही.

काही मित्र म्हणतील, ईटसारख्या गावात दिवसा वीज टिकत नाही, उसाच्या हंगामात अर्धी वस्ती रिकामी होते, आणि तुम्ही एआय घेऊन बसलात. आमचे उत्तर मावशींच्या त्या एका वाक्यात आहे. यंत्र गावात येण्याची वाट पाहत थांबलेले नाही. ते रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या खिडकीत, पोरांच्या प्रवेशअर्जात आधीच बसले आहे. आपण त्याच्याकडे गेलो नाही म्हणून ते आपल्याला सोडत नाही.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे आपल्या आधीच्या पिढीने झीज सोसली. घरे जळाली, माणसे गेली. त्या विद्यापीठाचा उपपरिसर आज धाराशिवात आहे. नाव पाटीवर आले. आता त्या पाटीच्या आत काय शिकवले जाते, कोणाला शिकवले जाते आणि कोणासाठी शिकवले जाते, हे विचारण्याचे काम आपल्या पिढीचे आहे.

मावशींचे पैसे शेवटी तिसऱ्या खेपेला, एका अधिकाऱ्याने कागदावर अंगठा घेतल्यावर सुरू झाले. माणसाने यंत्राची चूक दुरुस्त केली. उद्या तो अधिकारी आणि तो कागद दोन्ही नसतील, तेव्हा काय?

म्हणून एमसीए, एम.एस्सी., एम.टेक. करणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीला आमचे आवाहन आहे. प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी एक रविवार आपल्या गावातल्या आंधळ्या, बहिऱ्या, निरक्षर माणसाजवळ बसा. त्याच्या हातात तुमचा फोन द्या आणि गप्प राहून पाहा, तो कुठे अडतो. तो जिथे अडला, तिथून तुमचा प्रबंध सुरू करा. ईटला आलात तर मावशींची भेट आम्ही घालून देऊ. त्या सांगतील काय बिघडले आहे ते.

जय भीम.